दोन दारांची गाडी आणि नऊ महिन्यांची मुलगी: चाइल्ड सीट बसवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात राहणाऱ्या एका एकत्र कुटुंबाचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, गाडीची कंपनी आणि काही घरगुती तपशील वगळले आहेत. घरची शेती सोयाबीन, तूर आणि कपाशीची असून आजोबांची कारंज्यात अडत आहे. धाकटा मुलगा काही वर्षे पुण्यात नोकरी करून परतला आणि अडतीचा हिशेब व वाहतूक पाहू लागला. गाड्यांची त्याला लहानपणापासून हौस होती, त्यामुळे परतल्यावर त्याने नागपुरातून एक सेकंडहँड युरोपीय स्पोर्ट्स कार घेतली. गाडी दोन दारांची आहे. तिच्यात पुढे दोन ऐसपैस सीट आणि मागे दोन नावापुरत्या सीट आहेत. गावात तिला सगळे ‘बसकी गाडी’ म्हणतात. गावाकडच्या रस्त्यावरील गतिरोधकांवर तिचा तळ घासतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात ती नेण्याची सोयच नसते, म्हणून ती कारंज्यात अडतीच्या गोदामात उभी असते.

घरात दुसरी गाडीही आहे. ती उंच, सात जणांची आणि डिझेलवर चालणारी आहे. ती दिवसभर अडतीच्या कामात आणि आजोबांच्या येण्याजाण्यात गुंतलेली असते. एक गाडी हौसेची आणि दुसरी कामाची, अशी वाटणी कोणी न ठरवताच होऊन गेली होती, आणि पुढे सगळा घोळ या वाटणीपाशीच अडला.

प्रकरण सुरू झाले तेव्हा कुटुंबातील मुलगी नऊ महिन्यांची होती. तिचे वजन ८.४ किलो आणि उंची ७० सेंटिमीटर होती. आईची नोकरी नागपूरच्या एका संस्थेत आहे. बरेचसे काम ती घरून करते, तरी दर पंधरवड्याला तिला नागपूरला जावेच लागते आणि तिचे माहेरही तिथेच आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून कारंज्यातून नागपूरला जाणे बरेच सोपे झाले आहे. या महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असल्याने, स्पोर्ट्स कार चालवण्याची हौस जिथे फिटावी असा या भागातला रस्ता तोच, हेही वडिलांनी मोकळेपणाने सांगितले.

मी या भागात मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवतो. वडील माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन. त्यांनी ऑनलाइन मागवलेली चाइल्ड सीट गाडीच्या मागच्या सीटवर बसत नव्हती, कारण गाडीचा सीटबेल्ट तिला पुरत नव्हता. तो लांब करून मिळेल का, असे त्यांनी विचारले.

अडचण

मागवलेली सीट जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी, म्हणजे दोन्ही तोंडांनी बसवता येणारी होती. १३ किलोपर्यंत ती मागे तोंड करून बसवायची आणि नऊ किलोच्या पुढे ती पुढे तोंड करूनही बसवता येते, असे तिच्या पुस्तिकेत लिहिले होते. अशा सीटवर पट्टा ओवण्याच्या वाटा रंगाने दाखवलेल्या असतात. मागे तोंड असताना निळ्या खुणांमधून आणि पुढे तोंड असताना लाल खुणांमधून पट्टा न्यायचा असतो. वडिलांनी निळ्या खुणांमधून पट्टा नेला, तेव्हा तो बकलपर्यंत पोहोचायला चार बोटे आखूड पडला. लाल खुणांमधून नेल्यावर मात्र तो सहज लागला. त्यामुळे मुलीला पुढे तोंड करूनच बसवावे, असा कल घरात झाला होता. नाहीतरी ती आता धरून उभी राहायला लागली होती आणि मागे तोंड केले की रडते, असा सर्वांचा अनुभव होता.

कारंज्यातील एका ॲक्सेसरीच्या दुकानदाराने बेल्टला जोडायचा जादा तुकडा आणून देण्याची तयारी दाखवली होती. सीट डुलत असेल तर खाली फोम घाला, असाही सल्ला त्याने दिला होता. आजींचे मत याहून सरळ होते. त्या म्हणाल्या, “लेकराले काहून जखडून टाकता? माह्या मांडीवर बसते ना थे.”

तुकडा जोडू नये, एवढे मी पहिल्याच भेटीत सांगितले. गाडीचा पट्टा व बकल यांची आणि चाइल्ड सीटची चाचणी अशा जोड तुकड्याशिवाय झालेली असते. मध्ये घातलेल्या तिसऱ्या वस्तूने धक्का सोसला नाही तर बाकीच्या दोन्ही निरुपयोगी ठरतात. फोमचेही तसेच आहे. बसवताना तो सीट घट्ट करतो, पण अपघाताच्या धक्क्यात तोच दबतो आणि पट्टा तेवढा सैल पडतो. तुकड्याला नकार देणे सोपे होते. मागे तोंड करून ही सीट या गाडीत कुठे बसेल, आणि बसणारच नसेल तर मुलीने प्रवास कशात करायचा, हा प्रश्न मात्र उरला.

तपासणीत काय आढळले

गाडी आम्ही गोदामातून बाहेर काढून सावलीत लावली आणि मागची बाजू आधी तपासली. स्पोर्ट्स कारच्या मागच्या सीट खोलगट घडवलेल्या असतात. मधोमध उंचवटा आणि दोन्ही कडांना फुगवटा असल्यामुळे बसायची सपाट जागा फार अरुंद राहते. चाइल्ड सीटचा तळ या फुगवट्यांवर टेकत होता आणि मध्ये पोकळी राहत होती. कितीही दाबून बसवली तरी हाताने हलवल्यावर ती दोन्ही बाजूंना झुलत होती. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यास चाइल्ड सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे ती तिप्पट तरी सरकत होती. शिवाय बकलचा दांडा आखूड आणि ताठ होता, त्यामुळे लाल खुणांमधून पट्टा लावला तरी बकल नेमके चाइल्ड सीटच्या प्लास्टिकच्या काठावर येत होते. काठावर आलेले बकल धक्क्याच्या वेळी वाकून उघडू शकते, म्हणून अशी बसवणी पट्टा लागला तरी बाद धरावी लागते.

मागे तोंड करून सीट ठेवल्यावर पुढची सीट डॅशबोर्डला भिडेपर्यंत सरकवावी लागली. चाइल्ड सीटचा कोन तरीही उभाच राहिला. लहान बाळांसाठी हा कोन साधारण ४५ अंशांचा असावा लागतो, नाहीतर झोप लागल्यावर मान पुढे पडते आणि श्वासाची वाट दबते. नऊ महिन्यांच्या मुलीला थोडा उभा कोन चालतो, पण इथला कोन तिच्यासाठीही फारच उभा होता.

मागच्या सीटला आयसोफिक्सचे कडे होते, ही वडिलांना आशेची गोष्ट वाटली. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत २८ सेंटिमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या असतात. त्यांत चाइल्ड सीटचे दोन हात खटकन अडकतात आणि सीट बसवायला गाडीच्या पट्ट्याची गरजच उरत नाही. पुढच्या नागपूर भेटीत त्यांनी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये आयसोफिक्सचा तळ असलेली लहान बाळांची सीट लावून पाहिली. हात अडकले, पण अशा तळाला गाडीच्या फरशीवर टेकणारा एक पाय असतो आणि पुढे उलटण्यापासून तोच सीटला अडवतो. या गाडीत मागे फरशी इतकी जवळ होती की तो पाय सर्वात आखूड करूनही लांब पडला आणि तळ पुढून उचलला गेला. दुकानदाराने याच सीटच्या पुस्तिकेसोबतची गाड्यांची यादी उघडून दाखवली. हे मॉडेल यादीत होते, पण त्याच्यापुढे फक्त पुढच्या प्रवासी सीटची खूण होती. ही यादी पाच मिनिटांत पाहता येते, आणि माझ्या अनुभवात ती खरेदीआधी कोणी पाहत नाही.

मागच्या बाजूची दुसरी अडचण मापाच्या फितीने कळणारी नव्हती. अशा गाडीची मागची काच जवळजवळ आडवी असते, आणि मागे तोंड करून बसलेल्या बाळाचा चेहरा नेमका त्या काचेखाली येतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी उन्हात थोडा वेळ उभ्या राहिलेल्या या गाडीतील मागच्या सीटचे बकल वडिलांना हातात धरवले नाही. मागे एसीची हवा येण्याची स्वतंत्र सोयही नव्हती. बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढू शकते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाब गौण वाटेल, पण कारंजा-नागपूर प्रवास करणाऱ्या बाळासाठी ती पट्ट्याइतकीच महत्त्वाची होती.

मग पुढची सीट तपासली. त्या बाजूच्या सन व्हायझरवर मागे तोंड केलेल्या बाळाच्या सीटवर काट मारलेले चित्र होते. ज्या सीटसमोर एअरबॅग चालू आहे तिथे मागे तोंड केलेली चाइल्ड सीट कधीच ठेवू नये, असा त्याचा अर्थ आहे. एअरबॅग सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास फुगते, आणि मागे तोंड केलेल्या सीटची पाठ, म्हणजे बाळाच्या डोक्यामागचाच भाग, डॅशबोर्डजवळ असतो. तो सारा आघात बाळाच्या डोक्यावर येतो. या गाडीत प्रवाशाच्या बाजूला, डॅशबोर्डच्या कडेला, चावीने एअरबॅग बंद करण्याची सोय होती. चावी फिरवली की एअरबॅग बंद असल्याचा दिवा लागत होता, आणि इथे प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले.

मी इग्निशन चालू करून मुख्य एअरबॅग दिव्याकडे पाहण्यास सांगितले. निरोगी गाडीत हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. या गाडीत तो लागलाच नाही. लागून न विझणे हा बिघाड असतो आणि न लागणे हा त्याहून वाईट संकेत असतो, कारण आधीचा बिघाड दिसू नये म्हणून कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. स्कॅनर लावल्यावर प्रवाशाच्या एअरबॅगच्या सर्किटमधील जुनी त्रुटी नोंदलेली सापडली. ती कोणत्या मालकाच्या काळातली, हे कळण्याला मार्ग नव्हता. चावीजवळचा दिवा चावी फिरल्याचे सांगत होता, पण एअरबॅग खरोखर बंद झाली का, आणि ती तिथे मुळात आहे का, हे तो सांगत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

मांडीवर घेण्याचा पर्याय कागदावर कोणीच धरला नव्हता, तरी घरात तोच सर्वात बळकट होता, म्हणून त्याचा विचार पहिल्याने करावा लागला. कायद्याने हा पर्याय बादच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या आकड्याने घरातल्या कोणाचे मत बदलले नाही. मी आजोबांसमोर साधा हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी धडकली आणि हा वेग साधारण ६० सेंटिमीटरात शून्यावर आला, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सोळापट जोर येतो. साडेआठ किलोच्या मुलीसाठी तो सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात जातो. समृद्धीवरचा वेग याच्या दुपटीहून अधिक असतो. आजोबांचे आयुष्य काट्यावर गेले आहे. ते म्हणाले, की सव्वा क्विंटलचे पोते खाली येताना हाताने धरायचे म्हटले तर हात जाईल आणि पोतेही जाईल. त्यानंतर मांडीचा विषय आजोबांनी स्वतःच घरात बंद केला. आजींनी तो सोडला असे नाही, पण त्यांचा आग्रह पुढे मुलीसोबत मागच्या सीटवर बसण्यापुरता उरला.

पुढे तोंड करून मागे बसवण्याचा पर्याय वडिलांना सर्वात जवळचा वाटत होता, कारण पट्टा लागत होता आणि मुलगी नऊ किलोच्या जवळ आली होती. चाइल्ड सीटसाठीच्या युरोपातील जुन्या आर४४ या मानकात नऊ किलोची अट होती खरी. त्यानंतर आलेल्या आर१२९ या मानकात मात्र पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करण्याला मज्जावच आहे. त्याचे कारण शरीररचनेत आहे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे सांधे व स्नायू अजून कच्चे असतात. पुढे तोंड केलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडते आणि डोके एकटे पुढे फेकले जाते. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीत दाबली जातात. मूल बसू लागले किंवा उभे राहू लागले, याचा मानेच्या ताकदीशी संबंध नाही. शिवाय काठावर येणाऱ्या बकलचा प्रश्न इथेही कायम होता.

पुढच्या सीटवर मागे तोंड करून, एअरबॅग बंद ठेवून बसवण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वात चांगला होता. पुढची सीट सपाट होती, पट्टा पुरत होता, कोन मिळत होता आणि एसीची हवाही येत होती. मागे जागा नसलेल्या गाड्यांत काही उत्पादक स्वतः याच जागेला परवानगी देतात. पण त्यासाठी आधी एअरबॅगची यंत्रणा दुरुस्त होऊन खात्री व्हायला हवी होती. त्याशिवाय एक गोष्ट आईने लक्षात आणून दिली, जी तोवर आम्हा पुरुषांपैकी कोणालाच सुचली नव्हती. मुलगी पुढे बसली तर आई बसणार कुठे? मागच्या सीटवर मोठे माणूस गुडघे हनुवटीला लावून जेमतेम बसते, आणि दुधासाठी किंवा रडण्यासाठी तिथून पुढे हात पोहोचत नाही. मुलगी मागे बसली तर पुढची सीट डॅशबोर्डला भिडते, म्हणजे तेव्हाही आईला जागा नाही. कागदावर चार जणांची असलेली ही गाडी बाळ धरून दोघांचीच होती.

शेवटचा पर्याय घरातल्या मोठ्या गाडीचा होता. तो इतका उघड होता की कोणी मांडलाच नव्हता. वडिलांचा आक्षेप असा, की ती गाडी बाजाराच्या दिवशी आजोबांना लागते. खरा आक्षेप बहुधा वेगळा होता. स्पोर्ट्स कार घेतल्यावर पहिल्याच बाळाच्या पायी ती गोदामात पडून राहणार, हे त्यांना पटवून घ्यायचे नव्हते. मी त्याला हट्ट म्हणणार नाही; हौसेने पैसा घातलेल्या वस्तूबद्दल तसे वाटणे साहजिक आहे.

निर्णय आणि कार्यवाही

निर्णय फिरवला तो मोटारसायकलने. मोठी गाडी आजोबांकडे असली की आई मुलीला मांडीवर घेऊन पतीच्या मागे मोटारसायकलवर बसून गावातून कारंज्याला येते आणि तिथे स्पोर्ट्स कारमध्ये चढते, हे बोलता बोलता सहज समोर आले. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा हार्नेस (मुलाला चालकाशी बांधून ठेवणारे पट्टे) आणि हेल्मेट लावावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. या घरात यापैकी काहीच नव्हते. बसकी गाडी दारापर्यंत येत नाही, म्हणून मुलीच्या प्रवासाचा सर्वात धोक्याचा भाग तिच्यात बसण्याआधीच उरकला जात होता. आम्ही बकल आणि कोनाची मापे काढत होतो आणि त्याच दिवशी मुलगी त्या चाचणीसाठी मोटारसायकलवर आली होती. हे दिसल्यावर आईने निर्णय घेतला. मुलगी प्रवास करील तो मोठ्या गाडीतून आणि घराच्या दारापासून. बसकी गाडी मुलीच्या प्रवासातून तूर्त बाद.

आता मोठ्या गाडीत सीट बसवणे हातचा मळ ठरेल असे वाटले होते, पण तिथेही वेळ गेला. मधल्या रांगेवर जाड रेक्झिनचे सीट कव्हर होते आणि त्याखाली दोन्ही बकल दाबून टाकलेली होती. पुढच्या प्रवासी सीटच्या बकलमध्ये इशाऱ्याचा आवाज बंद करणारी धातूची पट्टी खोचलेली होती. अशा पट्ट्या विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले होते, तरी गावोगावच्या गाड्यांत त्या अजून सापडतात. कव्हर मधल्या रांगेपुरते काढले, बकल बाहेर आली, पट्टी फेकून दिली.

आधी घेतलेलीच चाइल्ड सीट मधल्या रांगेत, प्रवाशाच्या बाजूला, मागे तोंड करून बसवली. निळ्या खुणांमधून पट्टा ओवला. वडिलांनी गुडघा टेकून सीट दाबली आणि आईने पट्टा ओढून घट्ट केला. हे काम एकट्याने नीट होत नाही. हलवून पाहिल्यावर सीट बोटभरही सरकली नाही. मग मुलीला बसवून हार्नेसच्या, म्हणजे चाइल्ड सीटच्या स्वतःच्या, पट्ट्या तिच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली येतील अशा लावल्या. छातीजवळच्या पट्टीची चिमटीत घडी धरता येत नाही इतका ताण ठेवला. आजींनी आणलेले दुपटे हार्नेसच्या खाली न घालता वरून पांघरायचे ठरले, कारण जाड कापड मध्ये असले की पट्टा घट्ट वाटतो आणि प्रत्यक्षात सैल असतो.

बाजाराच्या दिवशी आजोबांनी कारंज्याला कसे जावे, हा प्रश्न उरला. वडिलांनी त्यांना बसक्या गाडीतून सोडण्याची तयारी दाखवली. आजोबा म्हणाले, “त्या गाडीत मी नाही बसत बापा, उठाले दोन माणसं लागतात.” शेवटी नागपूरला जायचे दिवस बाजाराचे दिवस टाळून धरायचे ठरले. आईच्या संस्थेने वार बदलायला फार आढेवेढे घेतले नाहीत. हा प्रश्न तोवर कोणी संस्थेला विचारलाच नव्हता.

निष्पत्ती

मुलगी मागे तोंड करून बसण्याला काही आठवड्यांत रुळली. सुरुवातीला ती रडायची, तेव्हा शेजारी बसलेल्या आजींचा उपयोग झाला. चाइल्ड सीटला नाराज असलेल्या आजींमुळेच ती व्यवस्था टिकली, असे आईचे म्हणणे आहे. उन्हाळ्यात निघण्याची वेळ पहाटेची ठेवली, बाजूच्या काचेला जाळीचा पडदा लावला आणि मुलीला बसवण्याआधी बकलला हात लावून पाहण्याची सवय घरात सर्वांना लागली.

स्पोर्ट्स कारमधील एअरबॅगचा बिघाड प्रवासी सीटखालच्या वायरच्या सैल जोडणीत सापडला आणि काढून टाकलेला दिवाही पुन्हा बसवला. आता तो इग्निशनसोबत लागतो आणि विझतो. ही दुरुस्ती मुलीसाठी झाली नाही, पण त्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी ती गरजेचीच होती.

मुलगी दीड वर्षाची, साडेदहा किलोच्या आसपास झाली तेव्हा वडिलांनी बसक्या गाडीचा विषय पुन्हा काढला. आता पुढे तोंड करणे मानकांना धरून होते. आयसोफिक्सच्या कड्या आणि पाठीमागे वरच्या पट्ट्याचा हूक वापरणारी, फरशीवर पाय न लागणारी सीट त्यांनी दुकानात लावून पाहिली. गाडीच्या सीटचा हेडरेस्ट काढल्यावर ती घट्ट बसली आणि बकलच्या काठाचा प्रश्नही राहिला नाही. माझे मत तरीही हेच होते, की मोठ्या गाडीत १३ किलोपर्यंत मागे तोंड करता येत असताना तिला लवकर वळवण्याचे कारण नाही. आई त्याला राजी झाली, वडील अर्धे राजी झाले. तडजोड अशी ठरली, की लांबचा आणि महामार्गाचा प्रवास मागे तोंड करून मोठ्या गाडीतूनच करायचा. दुसरी सीट मुलगी दोन वर्षांची झाल्यावर घ्यायची, आणि ती हिवाळ्यात, कारंज्यातल्या कारंज्यात, दोघांनीच फिरण्यापुरती वापरायची. ही तडजोड निर्दोष नाही. तिच्यात निदान कोणती गाडी कशासाठी वापरायची हे ठरलेले आहे.

वेगळे काय करता आले असते

चाइल्ड सीट मागवण्याआधी ती कोणत्या गाडीत आणि कोणत्या जागी बसणार, हे ठरायला हवे होते. इथे सीट आधी आली आणि मग तिला जागा शोधण्यात महिना गेला, आणि तो सारा काळ मुलगी मांडीवर प्रवास करीत होती. दोरीने सीटबेल्टची लांबी मोजून, बसायची सपाट जागा फितीने पाहून आणि उत्पादकाची गाड्यांची यादी उघडून हे काम एका संध्याकाळी झाले असते. मोठी गाडी पहिल्या दिवशी चर्चेत आली असती तर दुकानांच्या फेऱ्याही वाचल्या असत्या. पण ती चर्चेत यायला आजोबांना बैठकीत बसवणे भाग होते, आणि तरुण जोडप्याने हा विषय घरच्या वडीलधाऱ्यांना न सांगता आपसात सोडवण्याचा प्रयत्न केला.

सेकंडहँड गाडी घेतानाच्या तपासणीचाही प्रश्न आहे. इंजिन, टायर, रंगकाम सगळे पाहिले गेले, पण इग्निशन चालू करताना एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे पाहिले गेले नाही. मूल नसलेल्या घरानेही हे पाहावे. मूल होणार असेल तर मागच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या कड्या चाचपाव्यात, पुढे एअरबॅग बंद करण्याची चावी आहे का ते पाहावे आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली (ग्लोव्ह बॉक्समधली) मूळ पुस्तिका सोबत मागून घ्यावी. कोणत्या सीटवर कोणत्या वयाची चाइल्ड सीट चालते, याचा तक्ता तिच्यातच असतो. या गाडीसोबत ती मिळाली नव्हती. वडिलांनी ती नंतर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, आणि त्या तक्त्यात मागच्या दोन्ही सीटपुढे, पंधरा महिन्यांखालील बाळाच्या रकान्यात, फुली होती.

मोटारसायकलचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. मोठी गाडी बाहेरगावी असेल आणि मुलीला ताप आला, तर दवाखान्यापर्यंत नेणार कशाने, याला घरात अजून ठाम उत्तर नाही. शेजारच्या घरी चारचाकी आहे आणि चाइल्ड सीट दहा मिनिटांत तिच्यात हलवता येते, असे आई म्हणते. त्या गाडीच्या बकलवर सीट कव्हर चढलेले आहे का, हे तिने जाऊन पाहिले आहे. चढलेले आहे, आणि ते काढायला शेजाऱ्यांना सांगायचे कसे यावर सध्या घरात विचार चालू आहे.